पावलीखाली तीन गोळ्या

टॉरसन रायफल कंपनीचा फोन वाजला की तो व्हर्ना स्कोगन उचलायची आणि समोरच्याला आधी बोलू द्यायची. बंदूक वाईट निघाली म्हणून फोन करणारा माणूस पहिली चार मिनिटं स्वतःच्याच पैशांशी भांडत असतो, हे तिला बावीस वर्षांत कळून चुकलं होतं. तेवढ्यात तिची कॉफी प्यायच्या लायकीची व्हायची. मग ती विचारायची, "बंदुकीवरच्या दुर्बिणीचे स्क्रू तपासलेत का?"

निम्मे इथंच गळायचे. उरलेल्यांना ती काडतुसं कुठली म्हणून विचारायची. त्यातून जे तगायचे त्यांना, दोन गोळ्यांच्या मध्ये नळी गार होऊ दिलीत का म्हणून. आणि एवढं होऊनही जो फोन ठेवायला तयार नसायचा, त्याला ती आवाज मऊ करून विचारायची, "आणि हात कसा आहे?"

हे कुणी पुरुषानं विचारलं असतं तर भांडण झालं असतं. बाईनं विचारल्यावर माणसं गप्प व्हायची.

तिच्या टेबलावर तक्रारींची एक जाड वही असायची. शेवटच्या रकान्यात कारणाचा आकडा घालायचा. एक म्हणजे स्क्रू, दोन काडतुसं, तीन तापलेली नळी, चार हात. पाच नव्हता. थोरल्या टॉरसननं, आयनारनं, ही वही आखली तेव्हा पाचाची गरज नव्हती. बंदूक बिघडली तर तो स्वतः गाडी काढून ती परत आणायला जायचा आणि वहीत काही लिहायचंच नाही. तो गेला, मुलगा कर्टिस खुर्चीत बसला, आणि वही तशीच पुन्हा छापून आली.

कंपनी म्हणजे मोंटानातल्या एका खोऱ्यात, धान्याच्या कोठाराला खेटून असलेली पत्र्याची शेड, अकरा माणसं आणि वर्षाला पाचशे बंदुका. जाहिरातीत एकच वाक्य: शंभर वारांवरून तीन गोळ्या एका पावलीखाली. प्रत्येक बंदुकीच्या खोक्यात एक कागद जायचा. त्यावर त्या बंदुकीनं पाडलेली तीन भोकं, ती झाकणारी पाव डॉलरची पावली टेपनं चिकटवलेली, आणि खाली सही: एल. स्कोगन. हा लाइल, व्हर्नाचा थोरला भाऊ. एकतीस वर्षं तो शेडमागच्या मैदानात टेबलाला छाती टेकून बसत होता आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येक बंदुकीतून तीन गोळ्या मारत होता. गिऱ्हाइकं तो कागद काचेत बसवून घेत. कित्येकांच्या घरी लग्नाच्या फोटोपेक्षा त्याची चौकट भारी असे.

दुपारी लाइलच्या कागदांचा गठ्ठा आणि बंदुकांची यादी व्हर्नाकडे यायची. ती यादीतला एकेक नंबर एकेका कागदावर सुबक अक्षरात लिहायची आणि भोकांकडे न बघता पावली चिकटवायची. रागावलेलं गिऱ्हाईक कधीमधी ती पावली काढून पाकिटातून परत पाठवायचं, बरोबर चिठ्ठी नाही, काही नाही. काय म्हणायचंय ते समजायचं. व्हर्ना ती पावली पुसून पुढच्या कागदाला लावायची.

आयनारच्या काळात वर्षाकाठी चार-पाच पावल्या परत यायच्या. या वर्षी एप्रिलपासून आठवड्याला तेवढ्या यायला लागल्या. व्हर्नाच्या वहीत चारचा आकडा दाट होत गेला. अमेरिकेतल्या समस्त शिकाऱ्यांचे हात एकाच वसंतात का थरथरायला लागले, हा प्रश्न तिला पडायला हवा होता. पण बावीस वर्षं उत्तरं देणाऱ्या माणसाला प्रश्न पडायची सवय राहत नाही.

ऑगस्टमध्ये मर्विन टेटलोचा फोन आला.

"नेब्रास्काहून बोलतोय, मॅडम. तुमचा वेळ घेतोय. तक्रार अशी नाही म्हणता येणार."

त्याच्या आवाजामागे टिकटिक ऐकू येत होती. एक नव्हे, पुष्कळ.

"तुमच्याकडे काय चाललंय, मिस्टर टेटलो?"

"घड्याळं. मी घड्याळजी आहे. एकाहत्तर वर्षांचा. गावात आता कुणी घड्याळ वापरत नाही, पण बिघडलं की मात्र माझ्याकडेच आणतात." तो थोडा हसला. "बंदुकीचं असं होतंय की पहिली गोळी बरोबर मधोमध बसते. दुसरी दोन बोटं उजवीकडे. तिसरी तर शेजाऱ्याच्या शेतात म्हणा ना."

व्हर्नानं स्क्रू विचारले. त्यानं ते घड्याळाच्या पेचकसानं आवळले होते आणि प्रत्येकावर खुणेची रेघही मारली होती. काडतुसं कंपनीनं सांगितलेलीच होती. नळी गार व्हायला तो प्रत्येक गोळीनंतर दहा मिनिटं थांबत होता, घड्याळ लावून.

"दुसऱ्या एखाद्या बंदुकीनं मारून बघितलंत का?"

"दुसरी कुठली? जुनी विकून तर तुमची घेतली."

तेवढ्यात तिकडे बारा वाजले. सगळी घड्याळं एकदम वाजली. मागे-पुढे एकही नाही. दोघंही थांबले. टोले संपल्यावर व्हर्नानं आवाज मऊ केला.

"मिस्टर टेटलो, पहिली गोळी बरोबर बसते, म्हणजे बंदूक बरोबर आहे. बंदुकीला पहिली आणि तिसरी कळत नाही. थकतो तो हात. रागावू नका हं, हात कसा आहे?"

तिकडे एका घड्याळाला किल्ली दिल्याचा आवाज आला.

"तसं कधी वाटलं नाही," तो म्हणाला. "पण तुम्ही म्हणता त्याला अर्थ आहे. तुम्ही रोज शेकडो लोकांशी बोलता."

"वयाप्रमाणे होतंच. त्यात लाजण्यासारखं काही नाही."

"नाही, नाही. स्पष्ट सांगितलंत, बरं झालं."

तिनं फोन ठेवला आणि वहीत चार लिहिला.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात टेटलोची बंदूक परत आली. तिच्यासोबत कागद होता, पावली होती आणि एक पत्र. अक्षर इतकं बारीक आणि नेटकं की चष्मा पुसावा लागला.

पत्रात लिहिलं होतं: 'प्रिय मिस स्कोगन, तुम्ही म्हणालात तेव्हापासून मी हातावर नजर ठेवून आहे. थरथर आहे. आधी कशी दिसली नाही कोण जाणे. मागच्या आठवड्यात डॉक्टरांच्या बायकोच्या मनगटी घड्याळातलं तोलाचं चाक माझ्या हातून वाकलं. सत्तेचाळीस वर्षांत पहिल्यांदा. लोकांच्या वस्तू बिघडवण्यापेक्षा दुकान बंद केलेलं बरं, म्हणून महिनाअखेर बंद करतोय. बंदूक चांगल्या हातात जावी, म्हणून परत पाठवतो आहे. पैसे नकोत, चूक माझी आहे. पावलीही ठेवून घेणं मला शोभत नाही. तुम्ही खरं बोललात त्याबद्दल आभार. घरच्यांचंही एवढं धाडस झालं नसतं.'

व्हर्नानं पत्र घडी करून ठेवलं. मग करण्यासारखं काहीतरी हवं म्हणून तिनं टेटलोचा कागद समोर घेतला. दोन भोकं आडवी, एकमेकांना चिकटून. तिसरं त्यांच्या वर, जरा डावीकडे. टोपी तिरकी घातल्यासारखं.

ही टोपी तिला पाठ होती. ती आणि लाइल राहत त्या घरी, स्वयंपाकघरात, चुलीवरच्या भिंतीवर, आयनारनं लाइलला स्वतःच्या हातानं करून दिलेल्या रायफलीचा कागद लावलेला होता. त्याच्याकडे बघत तिनं तीस वर्षं बटाटे सोलले होते.

कुठल्याही दोन नळ्यांचं अक्षर एक नसतं, प्रत्येकीची भोकं आपापल्या ठेवणीत पडतात, हे तिला लाइलनंच शिकवलं होतं. तिनं टपालातून त्याच दिवशी परत आलेले आणखी दोन कागद काढले. एक वायोमिंगचा, एक कॅनडातला. तिरकी टोपी. तिरकी टोपी. वरचे तिन्ही नंबर वेगळे होते आणि तिन्हींवरचं सुबक अक्षर तिचं स्वतःचं होतं.

लाइल मैदानात टेबलाशी सँडविच खात बसला होता. तिनं तिन्ही कागद त्याच्यासमोर ठेवले आणि वाऱ्यानं उडू नयेत म्हणून वर त्याचाच थर्मास ठेवला.

"ही तुझी बंदूक आहे, लाइल."

त्यानं घास गिळला. "कागद खरा आहे. भोकं खरी. सही माझी."

"आणि नंबर?"

"नंबर तू घालतेस."

ती त्याच्यासमोर बसली. त्यानं तिला अर्धं सँडविच दिलं, तिनं ते घेतलं नाही.

"मार्चच्या मध्याला कर्टिसनं त्या स्वस्त नळ्या आणल्या," तो म्हणाला. "पोलाद नीट निववलेलंच नाही त्यांचं. गार असताना पहिली गोळी सरळ जाते. जरा ऊब लागली की नळी मान वळवते, आणि एकदा वळवली की संध्याकाळपर्यंत सरळ होत नाही. दहा मिनिटं थांब नाहीतर तासभर थांब. मी पहिल्या पंधरवड्यात सोळा नापास केल्या. कर्टिस इथं आला, माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, लाइल, नळ्या चांगल्या आहेत, तुझे डोळे गेलेत. वयाप्रमाणे होतंच, त्यात लाजण्यासारखं काही नाही."

व्हर्नानं मान खाली घातली. ते वाक्य कर्टिस कुणाकडून शिकला होता, ते तिला माहीत होतं. तिच्या टेबलामागची भिंत पातळ होती आणि पलीकडे त्याची खोली होती.

"चार दिवस मला खरंच वाटलं डोळे गेले," लाइल म्हणाला. "पाचव्या दिवशी घरून माझी बंदूक आणली आणि त्याच्यादेखत तीन मारल्या. पावली काय, शर्टाच्या बटणाखाली झाकल्या असत्या. म्हटलं, बघ डोळे. त्यानं कागद हातात घेतला, बघितला आणि म्हणाला, वा, असं काम हवं. आणि गठ्ठ्यात ठेवला."

"आणि तू ठेवू दिलास."

"एक ठेवू दिला. मग दुसऱ्याला नाही कसं म्हणायचं?" त्यानं उरलेलं सँडविच कागदात गुंडाळलं. "खोटी भोकं पाडली नाहीत मी, व्हर्न. प्रत्येक कागदाला बसून तीन गोळ्या मारल्यात. दोनशे सहा कागद."

हे तो अशा अभिमानानं म्हणाला की तिला हसूही येईना आणि रडूही. तिनं टेटलोचं पत्र त्याच्यासमोर टाकलं. त्यानं ते दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना तो स्वतःच्या हाताकडे बघत होता.

कर्टिस लहानपणी तिच्या टेबलाखाली बसून पावल्या मोजायचा आणि तिला आंटी म्हणायचा. आता तिला नुसतं व्हर्ना म्हणायचा; काम असलं की पुन्हा आंटी.

"आंटी व्हर्ना, बस," ती त्याच्या खोलीत गेली तेव्हा तो म्हणाला. तिनं सगळं सांगेपर्यंत त्यानं शांतपणे ऐकलं. ऐकून घेण्यात तो बापापेक्षा हुशार होता. "आता काय करू म्हणतेस? हरणांचा हंगाम तीन आठवड्यांवर. नळ्या दोनशे पडल्यात गोदामात."

"दोनशे लोकांचं नंतर बघू. मला या एकाला खरं सांगायचंय. महिनाअखेर तो दुकान बंद करतोय."

"त्यानं तक्रार केलीय का?"

"नाही."

"पैसे मागितलेत?"

"तेही नाही."

"मग अडचण कुणाला आहे?" तो खरोखरच विचारत होता. "हे बघ, सांग त्याला. मी अडवत नाही. फक्त लेखी नको, वकील म्हणतो लेखी काही नको. तोंडी सांग. आणि एक टोपी पाठव त्याला, कंपनीची. लोकांना टोपी आवडते."

तिनं त्याच्यासमोरच फोन लावला. टेटलोनं चौथ्या घंटीला उचलला.

"मिस्टर टेटलो, मी चुकीचं सांगितलं होतं. बंदूकच खराब आहे. नळी तापली की वळते. तुमच्या हाताचा काही संबंध नाही. तो कागद त्या बंदुकीचा नव्हताच."

"मॅडम," तो म्हणाला. मागे टिकटिक होती, पण विरळ. "तुम्ही फार चांगल्या बाई आहात."

"मी चांगली नाही. मी खरं सांगतेय."

"माझं पत्र वाचून तुम्हाला वाईट वाटलं असणार. मी तसं लिहायला नको होतं. तुमच्या कंपनीची बंदूक खराब आहे असं तुम्ही स्वतः फोन करून सांगता, एका म्हाताऱ्याचं मन राखायला. आजकाल कोण करतं असं?"

"अहो, दुकान बंद करू नका. हात दुसऱ्या कुणाला दाखवा. डॉक्टरला दाखवा."

"दाखवला. तो म्हणाला, हात पुढे करा. केला, तर थरथरत होता." तो मोकळेपणानं हसला. "सगळ्यांसमोर पुढे केला की थरथरतोच तो आता. मॅडम, माझ्या मुलीनंसुद्धा सांगितलं असतं ना तर मी वाद घातला असता. पण तुम्ही तर मला बघितलेलंही नाही. तुम्हाला खोटं बोलायचं कारणच काय होतं?"

कर्टिसनं खुणेनं विचारलं, टोपी? तिनं त्याच्याकडे पाठ केली.

त्या रात्री घरी दोघं फार बोलले नाहीत. सकाळी व्हर्ना कामावर आली तेव्हा लाइल आधीच यंत्राशी होता. त्यानं स्वतःच्या रायफलीची नळी काढली होती, आयनारनं घडवलेली, जुन्या पोलादाची, आणि टेटलोच्या बंदुकीला चढवत होता. दुपारी त्यानं ती मैदानात नेली, तीन गोळ्या मारल्या, कागद घेऊन स्वतः तिच्या टेबलाशी आला. दोन आडवी, एक वर डावीकडे. व्हर्नानं नंबर लिहिला. एप्रिलपासून अशा टोप्यांवर तिनं लिहिलेल्या नंबरांपैकी हा पहिला खरा होता. तिनं टेटलोनं परत पाठवलेलीच पावली पुसून चिकटवली आणि बरोबर चार ओळी लिहिल्या, लेखी: 'ही बंदूक आता चांगली आहे. आधी नव्हती. कृपा करून हिनं मारून बघा आणि मग दुकानाचं ठरवा.'

बंदूक गेली आणि लाइलकडे टोप्या पाडायला काही उरलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं अकरापैकी नऊ नापास केल्या. त्याच्या पुढच्या आठवड्यात कर्टिसनं एकच चांगला जुना कागद निवडून छापखान्यात पाठवला. आता प्रत्येक खोक्यात तोच छापील कागद जाऊ लागला, खाली बारीक अक्षरात 'नमुन्यादाखल', आणि पावलीही छापलेलीच. लाइलला निवृत्त करण्यात आलं. केक कापला. कर्टिसनं भाषणात, अशी नजर पुन्हा होणे नाही, असं सांगितलं आणि सर्वांच्या वतीनं लाइलला एक नवी कोरी बंदूक भेट दिली. नव्या नळ्यांमधली. कागदासकट.

टेटलोचं पाकीट ऑक्टोबरच्या शेवटी आलं. उघडायच्या आधी तिनं ते बोटांनी चाचपलं. आत गोल, कडक काहीतरी होतं.

अक्षर तेच होतं, पण ओळी तिरक्या चढत गेल्या होत्या आणि शब्द मध्येच तुटले होते.

'प्रिय मिस स्कोगन, बंदूक मिळाली. तुमच्या सांगण्याखातर गेलो, नऊ गोळ्या मारल्या. कागदावर चारच लागल्या, त्याही चार दिशांना. पहिलीसुद्धा मधोमध नाही. मित्राच्या नातवानं तीच बंदूक घेऊन मारली तर तीन गोळ्या तुमच्या पावलीखाली गेल्या, दोन आडव्या आणि एक वर. म्हणजे शंका उरली नाही. तुम्ही दोन्ही वेळा बरोबर होतात: बंदूक चांगली आहे, आणि हात गेला. बंदूक मी त्या मुलाला देऊन टाकली. अवजारं विकली. घड्याळं ज्याची त्याला दिली, घर फार शांत झालंय, पण सवय होईल. तुमचा उपकृत, म. टेटलो.'

पावली तिच्या वहीवर पडली, थोडी गरगरली आणि आडवी झाली.

पत्र कर्टिसनं मागून घेतलं, वाचलं आणि खूश झाला. "बघ, समाधानी गिऱ्हाईक. 'बंदूक चांगली आहे', लेखी. हे वाक्य जाहिरातीत चालेल. वही पुरी करून टाक, आंटी."

तिनं ऑगस्टचं पान काढलं. टेटलो, नेब्रास्का, चार. तिनं चार खोडला आणि त्याच्या शेजारी पाच लिहिला. मग मागची पानं काढली आणि एप्रिलपर्यंत जात राहिली. फोन मध्ये दोनदा वाजला, तिनं तो वाजू दिला. सगळे चार खोडून पाच करायला जेवणाची सुट्टी संपेपर्यंत वेळ लागला. शेवटी तिनं वही कर्टिसच्या टेबलावर नेऊन उघडी ठेवली, वर ती पावली.

त्यानं पान बघितलं, उलटलं, आणखी उलटलं.

"पाच म्हणजे काय?"

"आपण," व्हर्ना म्हणाली.

तो विचारात पडला. बराच वेळ पेन्सिलीनं पावलीशी खेळत राहिला. बाप असता तर त्यानं गाडी काढली असती, असं तिच्या मनात आलं, आणि उगाच आशाही वाटली.

"बरोबर आहे तुझं," तो म्हणाला. "चारच पर्याय फार कमी आहेत."

जानेवारीत नवी वही छापून आली. कागद जाड होता, कोपऱ्यात कंपनीची खूण होती, आणि शेवटच्या रकान्यावर कारणं ओळीनं दिली होती. एक, स्क्रू. दोन, काडतुसं. तीन, तापलेली नळी. चार, हात. पाच, इतर.